चार दिवसांत विरून न जाणारी पुस्तके सुचवाल का?

उंबरठा

नमस्कार. इथे बरीच वर्षे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

बाबांना जाऊन दोन वर्षे होतील. त्यांचे कपाट आवरायचे मी टाळत होते, शेवटी गेल्या महिन्यात आईने किल्ली हातात दिली. विजेची बिले वर्षावार रबर लावून ठेवलेली, बँकेची जुनी पासबुके, चष्म्याची रिकामी घरे. आणि सगळ्यांत खाली, खाकी कागदाचे कव्हर घातलेली विनोबांची 'गीताप्रवचने'. पुस्तकाला नेमाने हात लागत होता हे कडांवरून कळत होते. प्रत्येक प्रवचन संपते तिथे पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख घातली आहे. पहिल्याखाली २१ फेब्रुवारी ९९. मग २८ फेब्रुवारी, ७ मार्च, असे दर आठवड्याला एक. तेराव्याखाली १६ मे. चौदाव्यापासून पुढे काहीच नाही.

बाबा असे काही वाचतात हे मला माहीत नव्हते. घरी कधी देवाधर्माची चर्चा नाही, उपदेश तर नाहीच.

मी आता ४६ वर्षांची आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तके मी कमी वाचलेली नाहीत. ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये मिळाली, वाढदिवसाला मिळाली, स्टेशनवरच्या स्टॉलवरून मीही घेतली. पहाटे उठा, उद्दिष्टे लिहून काढा, नको त्या माणसांना नाही म्हणायला शिका. वाचताना खूप पटते, चार दिवस मी वेगळी असते. पाचव्या दिवशी डबा, लोकल, आईच्या गोळ्या, मुलाशी वाद, सगळे होते तसे. त्या लेखकांना मी दोष देत नाही. पण काहीतरी आतपर्यंत पोचत नाही एवढे खरे.

म्हणून विचारते. तुम्ही वाचलेले असे एखादे पुस्तक सांगाल का, की ज्याने तुमच्या रोजच्या वागण्यात एक तरी गोष्ट कायमची बदलली? धार्मिक असो, नसो. यादी नको. एकच सांगा, पण काय बदलले ते सांगा.

---

पाऊलवाट

उंबरठा, तुमच्या हातात जे आहे तेच आधी वाचा असे मी म्हणेन.

बाबांच्या तारखांबद्दल एक सांगतो. विनोबांनी ही प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिली. पहिले २१ फेब्रुवारीला आणि अठरावे १९ जूनला. दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. समोर कैदी बसलेले, आणि साने गुरुजी ते सगळे भराभर उतरवून घेत होते. गुरुजींनी लिहिले नसते तर आज हे पुस्तकच नसते. तुम्ही दिलेल्या तारखा मी कॅलेंडरवर पाहिल्या. १९९९ सालीही २१ फेब्रुवारीला रविवारच होता. तुमच्या बाबांनी मुद्दाम तोच दिवस धरला असणार.

आता माझ्यात काय बदलले ते. मी शाळेत शिक्षक होतो, आता निवृत्त. कॉपीच्या बाबतीत मी फार कडक. पकडलेल्या मुलांच्या पालकांना मी कधी दयामाया दाखवली नाही. पुढे माझा स्वतःचा मुलगा, दुसऱ्या शाळेत, परीक्षेत चिठ्ठीसह सापडला. त्याच्या मुख्याध्यापकांसमोर बसून मी अर्धा तास बोललो. परीक्षापद्धतीच कशी चुकीची आहे, घोकंपट्टीने मुलांचे काय नुकसान होते, शिक्षा हा उपाय कसा नाही. यातले एकेक वाक्य खरे होते. घरी आल्यावर मात्र मला झोप लागली नाही, कारण पहिल्याच प्रवचनातली न्यायाधीशाची गोष्ट आठवली.

विनोबा सांगतात, एक न्यायाधीश होता. शेकडो गुन्हेगारांना त्याने फाशी दिलेली. एके दिवशी त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपाखाली त्याच्यासमोर उभा राहिला. तेव्हा हा न्यायाधीश सांगू लागला की फाशीची शिक्षा फार अमानुष आहे, तिने माणूस सुधारत नाही. विनोबांचे म्हणणे असे की अर्जुनाचे तसेच झाले होते. त्याला अहिंसा सुचली नव्हती, समोर आपली माणसे दिसली म्हणून ते तत्त्वज्ञान सुचले होते.

ही गोष्ट मी वर्गात पंधरा-वीस वेळा तरी सांगितली असेल. त्या रात्री ती पहिल्यांदा मला लागू पडली. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन परत गेलो आणि जी शिक्षा असेल ती द्या म्हणालो. आजही मोठे तत्त्व तोंडातून निघाले की मी स्वतःला विचारतो, इथे आपले कोण उभे आहे?

पुस्तक पवनारच्या परंधाम प्रकाशनाचे आहे, किंमत अगदी थोडी. पण तुम्ही बाबांचीच प्रत वापरा.

---

रानजाई

वाचनखूण साठवली आहे. पाऊलवाट, प्रतिसाद फार आवडला.

---

अक्षरवेल

माझे पुस्तक ज्ञानेश्वरी. हे नाव इथे येणारच होते, पण मला ती कशी वाचली याबद्दल सांगायचे आहे.

आमच्या गावात दरवर्षी सप्ताह असतो. सात दिवसांत पारायण. लहानपणापासून बसत आले. त्या सामूहिक वाचनाची गोडी वेगळीच आहे, तिला मी नावे ठेवणार नाही. पण सात दिवसांत नऊ हजारांवर ओव्या वाचायच्या म्हणजे शब्द जिभेवरून जातात, मन मागे राहते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी सप्ताहाला जाणे बंद झाले. तेव्हा ठरवले, रोज दहाच ओव्या. सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत घेतली, कारण साडेसातशे वर्षांपूर्वीची मराठी आधाराशिवाय झेपत नाही हे मान्य करायला हवे. रोज दहा म्हणजे अडीच वर्षे. मध्ये खाडे झाले, मला तीन लागली.

पहिले सहा महिने मी फक्त अर्थ समजून घेत होते. सहाव्या अध्यायापर्यंत भाषा ओळखीची झाली. तेराव्यात ज्ञानाची लक्षणे येतात. गीतेत तिथे नुसता शब्द आहे, 'अहिंसा'. ज्ञानदेव त्या एका शब्दापाशी किती थांबतात! अहिंसक माणूस चालतो कसा, बोलतो कसा, पाहतो कसा, त्याचे हात कसे असतात. पाय टाकण्याविषयी ही ओवी आहे:

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार ।
कुचुंबैल केसर । इया शंका ॥

केसर चुरगळेल की काय अशी शंका भुंग्याच्या पायाला! पुढेच मांजरी येते, पिलांना तोंडात धरून नेते पण दात लागू देत नाही, तशी.

ही ओवी मी सकाळी साडेसहाला वाचली आणि सातला सासूबाईंची कूस बदलायला गेले. मी त्यांचे सगळे वेळेवर करत होते, त्यात कधी कसूर नव्हती. पण माझे हात रागावलेले होते. चादर ओढायची ती हिसका देऊन, भांडे ठेवायचे ते आपटून. तोंडाने मी एक शब्द बोलत नसे, म्हणून आपण चांगले वागतो असे मला वाटत असे. त्या दिवशी माझे हात मला दिसले. त्यांच्या खांद्याखाली हात घातला तेव्हा त्या अंग चोरून घेत होत्या. दीड वर्ष घेत असणार, माझ्या लक्षात आले नव्हते.

त्यानंतर त्या आठ महिने होत्या. शेवटी शेवटी अंग चोरायच्या थांबल्या होत्या.

---

कंदील

मी नास्तिक आहे. 'आध्यात्मिक' या शब्दाने मी सहसा धागा बंद करतो, पण वरचे दोन प्रतिसाद वाचून थांबलो.

माझे म्हणणे एवढेच की माणूस आतून बदलायला देव, आत्मा, मोक्ष मानावाच लागतो असे नाही. माझे पुस्तक इरावती कर्वे यांचे 'युगान्त'. १९६७ चे. महाभारतातल्या माणसांकडे त्या माणसे म्हणूनच पाहतात. भीष्म, गांधारी, कुंती, कर्ण, कुणाचीही पूजा नाही आणि कुणाची हेटाळणीही नाही. भीष्माने आयुष्यभर त्याग केला हे आपण शाळेपासून ऐकतो. इरावतीबाई विचारतात की त्या त्यागाने कुणाचे काय भले झाले? स्वयंवरातून पळवून आणलेल्या मुलींचे काय? गांधारीचे काय?

हे वाचले तेव्हा मी तिशीत होतो. घरासाठी मी किती सोडले याची जपमाळ माझ्या मनात चालू असायची. धाकट्या बहिणीचे शिक्षण, लग्न, सगळे माझ्यावर. तिच्यासाठी मुलगा पसंत करतानाही तिला फारसे विचारले नाही, कारण त्याग करणारा मी होतो. भीष्मावरचा लेख वाचून मी तिला फोन केला आणि विचारले, तुला तेव्हा काय हवे होते? बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, कुणीतरी विचारायला हवं होतं. आम्ही आता बोलतो, मोकळेपणी बोलतो. पण ती वर्षे गेली ती गेली.

द्रौपदीच्या शेवटच्या क्षणाबद्दल इरावतीबाईंनी जी कल्पना केली आहे तीही वाचा. हिमालयात ती कोसळते आणि भीम परत येतो, तो भाग. मी इथे सांगत नाही.

---

मीठभाकर

कंदील, भीष्माबद्दल अनुमोदन. आमच्या घरात असे दोन भीष्म होते, त्यांच्या त्यागाखाली सगळे घर वाकले होते.

---

निळी पहाट

आमच्याकडे पुस्तक एकट्याने वाचायची पद्धत नव्हती. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की विहारात रोज संध्याकाळी बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो, आश्विन पौर्णिमेपर्यंत. कुणीतरी वाचतो, बाकीचे ऐकतात. बाया कामावरून थेट येतात, हातात भाजीची पिशवी. मी सातवीत असताना पहिल्यांदा मला वाचायला बसवले. माझी आई अंगठा लावणारी, ती समोर बसून ऐकत होती. मी अडखळले की तीच पुढचा शब्द सांगायची, कारण बारा वर्षे ऐकून तिला पाठ झाले होते.

हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये प्रकाशित झाला. सुरुवातीलाच बाबासाहेब प्रश्न विचारतात. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले आणि घर सोडले, असे सगळे सांगतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा पाहिला नव्हता, हे कसे पटावे? मग ते दुसरा वृत्तान्त देतात. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात तंटा झाला, शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला. बहुमत विरोधात गेले. आपल्या विरोधाची शिक्षा घरच्यांना भोगावी लागू नये म्हणून त्याने परिव्रज्या, म्हणजे संन्यास, स्वीकारली.

पाण्याचा तंटा! आमच्या वस्तीला पाण्याचा तंटा काय असतो हे सांगावे लागत नाही. तो प्रसंग वाचताना सगळे विहार गप्प व्हायचे.

काय बदलले म्हणाल, तर मला प्रश्न विचारायची परवानगी मिळाली. धर्मग्रंथाची सुरुवात 'हे पटत नाही' अशी होऊ शकते, हे सातवीतल्या मुलीला कळले. आज मी तालुक्याच्या ठिकाणी नोकरी करते. मीटिंगमध्ये सगळे एका बाजूला आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला, असे अनेकदा होते. तेव्हा छाती धडधडते, पण हात वर जातो.

---

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितो आहे. निळी पहाट यांनी बुद्धाचा विषय काढलाच आहे, तर धर्मानंद कोसंबी यांचे 'निवेदन' सुचवतो. हे त्यांचे आत्मकथन.

कोसंबी १८७६ साली आमच्या सांखवाळ गावी जन्मले. शाळा धड झाली नाही, नारळाच्या बागायतीत काम. एका मराठी मासिकात बुद्धावरचा लेख वाचला आणि मनाने घेतले की याचा धम्म मुळातून जाणून घ्यायचा. त्या वेळी इकडे तो शिकवणार कोण? १८९९ च्या अखेरीस ते घरातून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तिथून नेपाळ, पुढे सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. पाली तिथे शिकले. खिशात पैसे नाहीत, तब्येत धड नाही, भाषा येत नाही. हाच माणूस पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होता आणि हार्वर्डला बोलावला गेला.

पुस्तकात कुठेही मोठेपणा मिरवलेला नाही. मला सगळ्यांत भिडले ते हे की 'मला हे कळलेले नाही' हे वाक्य माणसाला किती लांब चालायला लावू शकते. मी चाळिशीनंतर संस्कृतच्या वर्गात नाव घातले ते या पुस्तकामुळे. वर्गात बाकीची मुले माझ्या मुलीच्या वयाची.

---

मीठभाकर

मांडवीकाठ, 'निवेदन' मी वाचले आहे आणि ते मोठे पुस्तक आहे यात शंका नाही. पण इथे सुचवताना एक गोष्ट सांगायलाच हवी. ते निघाले तेव्हा घरी बायको होती आणि तान्ही मुलगी होती. परत यायला जवळपास सात वर्षे लागली.

मला कोसंबींचा अपमान करायचा नाही. पण 'आध्यात्मिक वाढ' म्हटले की आपल्याकडे पुरुष घर सोडतो आणि ती वाट थोर ठरते. मागे राहिलेल्या बाईची काय वाढ झाली हे कुणी लिहून ठेवत नाही. माझ्या आजोबांनीही काही वर्षे घर सोडले होते. आजी त्या काळात दुसऱ्यांच्या घरी दळण दळत होती. आजोबांना गावात महाराज म्हणायचे.

---

मांडवीकाठ

तुमचे म्हणणे मान्य आहे. कोसंबींच्या पत्नी बाळाबाई यांचा विचार मी वाचताना केला नव्हता, हेही कबूल करतो.

---

निळी पहाट

मीठभाकर, बाबासाहेबांनी लिहिलेल्या वृत्तान्तात सिद्धार्थ रात्री गुपचूप निघून जात नाही. तो यशोधरेला सांगतो, तिच्याशी बोलतो. ती निर्णयाला पाठिंबा देते आणि म्हणते की राहुलचे पाहायचे नसते तर मीही तुमच्याबरोबर परिव्रज्या घेतली असती. विहारात हा भाग वाचताना बाया डोळे पुसायच्या. तुमचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही, पण तो त्यांनी टाळलेला नाही एवढे सांगावेसे वाटले.

---

अक्षरवेल

मीठभाकर, तुमच्या प्रश्नावर आपल्याच मराठीत एका बाईने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे. संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनपर अभंग. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, या तुकारामांच्या शिष्या.

वेरूळजवळच्या देवगावची मुलगी. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा बिजवर. फिरत फिरत कुटुंब कोल्हापूरला आले. तिथे हिला एका वासराचा लळा लागला, ते कीर्तनालाही हिच्या मागे यायचे. पुढे ते वासरू गेले आणि त्यानंतर तिला स्वप्नात तुकोबा दिसले. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करायचे, हे नवऱ्याला सहन झाले नाही. त्याने तिला मारले. हे सगळे तिने स्वतः अभंगांत सांगितले आहे. आणि हेही:

स्त्रियेचे शरीर पराधीन देह । न चाले उपाव विरक्तीचा ॥

घर सोडायची वाट तिला नव्हतीच. तिने जे मिळवले ते चुलीपाशी, नवऱ्याच्या घरात, गरोदरपणात. पुढे नवरा आजारी पडला, त्याचे मन पालटले आणि दोघे देहूला गेले. तुकोबांना तिने प्रत्यक्ष पाहिले.

नवऱ्याचा राग, त्यावरचे तिचे दुःख आणि तरीही त्याच्याविषयीचे कर्तव्य, यांचा मेळ तिने घातलेला मला आज पूर्ण पटत नाही. पण तिने काही लपवले नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी 'मी' म्हणून लिहिणारी ही बाई मला फार जवळची वाटते.

---

मीठभाकर

अक्षरवेल, हे मला माहीतच नव्हते. 'संतकृपा झाली' एवढा एकच अभंग शाळेत होता. आजच ग्रंथालयात विचारते.

यावरून माझेही एक सांगून टाकते, थोडक्यात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. वडिलांना सोवळ्याचे वेड इतके की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घेत नसत. अशा घरातली मुलगी. नवरा, कवी ना. वा. टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. तिच्यावर आभाळ कोसळले. काही वर्षे ती वेगळी राहिली, मग त्याच्याकडे गेली ती स्वतःचे सोवळे सांभाळून. आणि मग हळूहळू, स्वतःच्या विचाराने, एकेक पायरी उतरत जातिभेदातून बाहेर आली. कुणी तिला ढकलले नाही. अध्यात्माची भाषा नाही, पण माणूस बदलतो कसा ते त्यात दिसते. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते, तेही पुढे हिनेच पूर्ण केले.

---

शाईदौत

सगळे वाचतो आहे. एक शंका. बारावीतल्या मुलाला यांतले काय देता येईल? सध्या घरी फार ताण आहे.

---

पाऊलवाट

शाईदौत, ३५ वर्षांच्या शिकवण्याच्या अनुभवावरून सांगतो, या वर्षी काही देऊ नका. तुम्ही स्वतः वाचा, पुस्तक घरात दिसेल असे ठेवा. परीक्षा होऊ द्या.

---

दूरदेशी

उशिरा लिहितो आहे, इथे म्युनिकमध्ये रात्र झाली आहे.

व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. ज्यू म्हणून त्यांना नाझींनी छळछावण्यांत टाकले. थेरेझिएनश्टाट, आउश्वित्झ, मग डाखाउच्या दोन उपछावण्या. आईवडील, भाऊ, पत्नी, सगळे गेले. सुटल्यावर १९४५ मध्ये नऊ दिवसांत तोंडी मजकूर सांगून त्यांनी पुस्तक पुरे केले, ते १९४६ मध्ये जर्मन भाषेत आले. मराठीतही उपलब्ध आहे, 'अर्थाच्या शोधात'.

त्या उपछावण्यांची जागा माझ्या घरापासून तासाभरावर आहे. मी पुस्तक आधी भारतात वाचले होते, तेव्हा ते मला एक मानसशास्त्राचे पुस्तक वाटले. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी आई गेली. मला पोचता आले नाही, फोनवर अंत्यसंस्कार पाहिले. त्या हिवाळ्यात मी कामाला जात होतो, परत येत होतो, एवढेच. मग हे पुन्हा वाचायला घेतले.

त्यात एक प्रसंग आहे. छावणीतली एक तरुण मुलगी मरणाच्या दारात आहे आणि तिला ते माहीत आहे. तिच्या खिडकीतून चेस्टनटच्या झाडाची एकच फांदी दिसते, तीवर दोन फुलोरे. ती म्हणते, मी या झाडाशी बोलते. फ्रँकलना वाटते की हिला भ्रम होतो आहे. ते विचारतात, झाड उत्तर देते का? ती हो म्हणते. झाड सांगते, मी इथे आहे, मी जीवन आहे.

आमच्या इमारतीसमोर चेस्टनटचे झाड आहे. चार वर्षे मी त्याखालून ट्रामला जात होतो. त्या मे महिन्यात पहिल्यांदा त्याचे फुलोरे नीट पाहिले, पांढरे, आत लाल ठिपके. आई गेल्यानंतर मी पहिल्यांदा रडलो ते तिथे, फुटपाथवर उभा राहून.

फ्रँकलचे मुख्य म्हणणे सगळीकडे उद्धृत होते, म्हणून मी ते लिहीत नाही. काय बदलले? दर रविवारी मी बाबांना फोन करतो आणि घाईने ठेवत नाही.

---

रानजाई

दूरदेशी...

---

कंदील

उंबरठा, तुम्ही धागा काढून गप्प आहात. काही ठरले का?

---

उंबरठा

मनापासून आभार सगळ्यांचे. गप्प होते कारण वाचत होते. तुमचे प्रतिसाद मी आईला एकेक करून वाचून दाखवले. मोतीबिंदूमुळे तिला हल्ली छापील अक्षर दिसत नाही. अक्षरवेल, तुमचा सासूबाईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा मला नीट वाचता आला नाही.

पाऊलवाट यांचे ऐकून बाबांचीच प्रत घेतली. पहिल्या रविवारी पहिले प्रवचन, आईला मोठ्याने. माझे रविवार आता त्यातच जातात. चौथ्यापाशी आम्ही दोन आठवडे थांबलो. तिथे विनोबा म्हणतात की शंकराच्या पिंडीवर पाण्याची धार धरली पण त्याबरोबर मनाची धार नसेल, तर समोर एक दगड आणि इकडे आपण दुसरा दगड. बाबांनी तिथे समासात बारीक रेघ ओढली आहे. सगळ्या पुस्तकात खूण म्हणून तेवढीच, बाकी नुसत्या तारखा.

काल तेरावे संपले. १६ मे ९९. पुढचे पान उलटताना मी सहज म्हणाले, बाबांनी इथेच का सोडलं असेल गं? मला वाटले होते कंटाळले असतील, किंवा ऑफिसचे काम वाढले असेल.

आई म्हणाली, "त्या आठवड्यात तुझी आजी न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. मग अकरा महिने तिचं सगळं ह्यांनीच केलं. मला हात लावू देत नसत. रविवारी तिची वेणी घालायचे."

मी तेव्हा हॉस्टेलवर होते. आजी पडली एवढे मला पत्रातून कळले होते.

चौदावे प्रवचन आम्ही लगेचच सुरू केले. संपल्यावर आईने बाबांच्या टेबलाच्या खणातून पेन्सिल काढून आणली. छोटीच उरली आहे. मी तारीख घातली.